तेरा द्राक्षांची एक बाटली

युरोपीय संघाशी मुक्त व्यापार कराराची बोलणी यंदा जानेवारीत पूर्ण झाली आणि वाइनच्या बाबतीत सगळी चर्चा एकाच आकड्यावर येऊन थांबली : दीडशे टक्के. हे आयातशुल्क करार लागू होताच निम्म्यावर येणार, पुढे टप्प्याटप्प्याने आणखी उतरणार. नाशिकच्या वाइन उद्योगाचं काय होईल, यावर भरपूर लिहून झालं आहे. मला लिहायचं आहे ते येऊ घातलेल्या बाटल्यांपैकी एकीबद्दल. तिचं नाव शातोनफ-द्यू-पाप, म्हणजे पोपांचा नवा किल्ला. या बाटलीत जे आहे ते द्राक्ष पिकवणाऱ्यांनीच ठरवलं आणि ते टिकवण्यासाठी कोर्टात भांडले, म्हणून ती मला महत्त्वाची वाटते.

दक्षिण फ्रान्समध्ये ऱ्होन नदीच्या डाव्या तीरावर, ओरांज आणि आव्हिन्यों या दोन शहरांच्या मधे हे गाव आहे. आजूबाजूची सुमारे 3200 हेक्टर जमीन या नावाखाली येते. नियमाप्रमाणे इथल्या वाइनमध्ये तेरा जातींची द्राक्षं चालतात, आणि त्यांत पांढरीही आहेत. लाल वाइनमध्ये पांढरी द्राक्षं हे ऐकून आपल्याकडे लगेच भुवया उंचावतात, कारण 'मिसळलेलं' म्हटलं की मराठी कानाला भेसळ ऐकू येते. पण गोडा मसाला करणाऱ्या घरात हे समजावून सांगावं लागू नये. दगडफूल नुसतं चघळून पाहा, कोणी दुसऱ्यांदा तोंडात घालणार नाही. मसाल्यातून तेच काढून टाका, मग आमटी ओळखू येत नाही.

इथला धना-खोबऱ्याचा वाटा ग्रनाशकडे आहे. गावातल्या बागांचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग एकट्या या द्राक्षाचा. मूळचं स्पेनचं, उन्हावर पोसणारं. पिकलं की साखर भरपूर, म्हणून वाइनमध्ये अल्कोहोल सहज साडेचौदा-पंधरा टक्क्यांवर जातं. चव गोलसर, पिकलेल्या स्ट्रॉबेरीची आणि रानातल्या वाळल्या झाडपाल्याची. रंग मात्र फिका, आणि हवा लागली की लवकर उतरणारं. ती उणीव सिरा आणि मुर्व्हेद्र भरून काढतात. सिरा म्हणजे नाशिकचे बागायतदार ज्याला शिराझ म्हणतात तेच. ते गडद रंग आणि मिऱ्यासारखा वास देतं. मुर्व्हेद्र जाड सालीचं, उशिरा पिकणारं. त्याने वाइनला कणा येतो आणि ती वर्षानुवर्षं टिकते. सँसो हलकेपणा आणतं. कुन्वाज, व्हाकारेज, म्युस्कार्दँ, तेरे न्वार यांची नावं फ्रान्समध्येही फारशी कुणाला ठाऊक नाहीत. दगडफुलाची जागा त्यांची.

तेराच्या तेरा घातलीच पाहिजेत अशी सक्ती नाही. शातो द बोकास्तेल या मळ्यात पेरँ कुटुंब सगळ्या जाती लावतं आणि मुर्व्हेद्रला ग्रनाशच्या बरोबरीने मान देतं. त्याच नावाखाली शातो रायास हा मळा आपली लाल वाइन वाळूच्या जमिनीत वाढलेल्या एकट्या ग्रनाशवर करतं. दोन्ही जगातल्या नामांकित वाइन आहेत. पर्यटकांना दाखवतात ते नदीने घासून गुळगुळीत केलेले मोठे गोटे, जे दिवसा तापतात आणि रात्री वेलीला ऊब देतात. पण रायासच्या बागेकडे पाहिलं की गोट्यांची महती थोडी कमी करून सांगावी असं मला वाटतं. मिस्त्राल हा उत्तरेचा कोरडा वारा इथे जास्त मोलाचा. पानं कोरडी राहिली की बुरशी कमी, हे निफाड-दिंडोरीत कुणालाही सांगावं लागत नाही.

पोपांची गोष्ट प्रत्येक माहितीपत्रकात असते, म्हणून थोडक्यात. 1309 पासून पोप रोम सोडून आव्हिन्योंला राहिले. त्यांच्यापैकी जॉन बाविसावे यांनी इथे किल्ला बांधायला घेतला, आणि उन्हाळी मुक्कामाबरोबर द्राक्षशेतीही वाढली. मात्र त्या दरबाराची आवडती वाइन बरगंडीतल्या बोनची होती. तिच्या मोहापायी कार्डिनल रोमला परतत नाहीत, अशी तक्रार खुद्द कवी पेत्रार्कने केली होती. किल्ल्याचं म्हणाल तर, ऑगस्ट 1944 मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने तो उडवला. आज एक भिंत आणि अर्धा बुरूज एवढाच टेकडीवर उभा आहे.

खरी गोष्ट पोपांच्या काळानंतर पाचशे वर्षांनी सुरू होते, आणि ती किडीपासून. 1860च्या दशकात नदीपलीकडच्या रोकमोर गावात अमेरिकेतून आणलेल्या वेली लावल्या गेल्या. त्यांच्या मुळांवर फायलॉक्झेरा नावाची बारीक कीड होती. बघता बघता परिसरातल्या वेली वाळल्या, आणि मग सबंध फ्रान्स. 1868 मध्ये माँपेलिएचे वनस्पतिशास्त्रज्ञ प्लांशाँ यांनी कीड ओळखली. उपाय निघाला तोही अमेरिकेतलाच : खुंट अमेरिकन, त्यावर कलम युरोपीय वेलीचं. आपल्या बागेत आज डॉगरिजच्या खुंटावर कलम भरतात. आपल्याकडे कारण खारं पाणी आणि दुष्काळ हे आहे, पण रीत तीच.

बागा पुन्हा उभ्या राहिल्या, तेव्हा गावाला दुसरा रोग जडला होता. इथली दणकट वाइन पिंपं भरभरून उत्तरेला जायची आणि बरगंडीच्या अशक्त वाइनमध्ये ताकदीसाठी ओतली जायची. फ्रेंच व्यापारी तिला 'औषधी वाइन' म्हणत. उलट दिशेने, कुठलीही लाल वाइन शातोनफच्या नावाने विकली जायची. पिकवणाऱ्याला ना नाव ना भाव.

इथे एका माणसावर मी थोडा जास्त रेंगाळणार आहे. बॅरन पिएर ल रुआ हा पहिल्या महायुद्धातला लढाऊ वैमानिक, शिकलेला वकिली. युद्ध संपल्यावर शातो फॉर्तियाच्या घराण्यात त्याचं लग्न झालं आणि तो द्राक्षवाला बनला. 1923 मध्ये गावचे बागायतदार बनावट मालाविरुद्ध काय करता येईल ते पाहण्यासाठी एकत्र आले, आणि पुढारीपण त्याच्याकडे आलं. त्याने व्यापाऱ्यांना शिव्या घालण्यापासून सुरुवात केली नाही. आधी गावालाच बंधनं घातली. जमीन कुठली? ज्या माळरानावर लव्हेंडर आणि थाइम शेजारी-शेजारी उगवतात, म्हणजे जिथे दुसरं काही धड पिकत नाही, तीच. जाती कुठल्या, छाटणी कशी, अल्कोहोल किमान साडेबारा टक्के, आणि तोडणीच्या वेळी हलके घड बाजूला काढायचेच. रोझे वाइन या नावाने करायची नाही. मग तो कोर्टात गेला. वरच्या कोर्टापर्यंत निकाल लागायला 1933 उजाडलं.

दोन वर्षांनी फ्रान्सने साऱ्या देशासाठी उगमस्थानाच्या नावांचा कायदा केला, त्यात ल रुआ आणि सिनेटर जोझेफ कापू हे दोघे पुढे होते. 15 मे 1936 रोजी ज्या पहिल्या मोजक्या नावांना मान्यता मिळाली, त्यांत शातोनफ-द्यू-पाप होतं. दार्जिलिंगचा चहा, रत्नागिरीचा हापूस यांना आज जे भौगोलिक मानांकन मिळतं, त्या विचाराचं एक मूळ या गावात आहे.

त्या नियमांतला एक आकडा आपल्याकडच्या शेतकऱ्याने जरूर पाहावा : हेक्टरी 3500 लिटरच्या वर वाइन करता येत नाही. हिशेब केला तर एकरी दोन टनांच्या आसपास द्राक्षं. नाशिकमध्ये खाण्याच्या द्राक्षांचा बागायतदार एकरी आठ-दहा टन काढतो आणि तेही परवडत नाही म्हणतो. तोडणी यंत्राने करायची नाही, हाताने. एवढं कमी पिकवून जगता येतं, कारण नावाला भाव आहे. आणि नावाला भाव आहे कारण कमी पिकवलं जातं. 'नाशिक व्हॅली वाइन' हे मानांकन आपल्याकडेही आहे. त्या नावामागे कुठला उतार, कुठली जात, एकरी किती माल, हे बागायतदारांनी एकत्र बसून कठोरपणे ठरवावं, असं मला मनापासून वाटतं. शुल्क उतरल्यावर किमतीच्या शर्यतीत आपण टिकलो नाही, तरी नावाच्या जोरावर टिकू शकतो.

तेरा जातींमागचं शेतकरी शहाणपणही इथेच लक्षात घ्यायला हवं. ज्वारीत तूर टाकणाऱ्याला ते कळतं. ग्रनाशची फुलं थंडी-पावसात गळतात, तेव्हा दुसरी जात हात देते. 2018 मध्ये पावसाने मुक्काम लांबवला, डावणीची बुरशी आली आणि ग्रनाशच्या बागा धुऊन गेल्या; ज्यांच्याकडे इतर जाती होत्या, त्यांचं नुकसान त्यामानाने सोसवलं. आता उन्हाळे तापत चालले आहेत, ग्रनाशची साखर आवरत नाही. कमी अल्कोहोल देणाऱ्या, आंबटपणा राखणाऱ्या कुन्वाज, व्हाकारेज, तेरे न्वार यांच्याकडे तिथले लोक पुन्हा वळत आहेत. शंभर वर्षांपूर्वी यादीत ठेवलेल्या नावांचा उपयोग आज होतो आहे.

आता ताटाकडे. तिथे ही वाइन कोकराच्या मांसाबरोबर पितात, लसूण आणि थाइम लावून भाजलेल्या. सिस्तरोंचं कोकरू त्या भागात प्रसिद्ध. किंवा दोब : वाइनमध्ये मुरवलेलं मांस, संत्र्याची साल, तमालपत्र, आणि तासन् तास मंद आच. हिवाळ्यात रानडुक्कर, काळे ऑलिव्ह, काळं ट्रफल. सगळे पदार्थ सावकाश शिजणारे, चरबीचे, रानवासाचे, आणि तिखट जवळपास शून्य.

तिखटाचा मुद्दा गंभीर आहे. जास्त अल्कोहोल मिरचीची आग वाढवतं. कोल्हापुरी तांबडा रस्सा किंवा नागपुरी सावजी मटण यांच्यासोबत ही बाटली उघडणं म्हणजे दोन्हींवर अन्याय. तेच मटण काळ्या मसाल्यात, भाजलेल्या कांदा-खोबऱ्यात, मिरची आवरून सुकं केलं तर जोडी छान जमते. शाकाहारी घरात वांगं हे उत्तर आहे. चुलीवर भाजलेल्या वांग्याच्या भरताचा धुरकट वास ग्रनाशला मानवतो. भरली वांगी करणार असाल तर गूळ कमी टाका. गोडापुढे कोरडी वाइन आंबट आणि कडवट लागते. चिंचेच्या आमटीच्या वाटेला जाऊ नका.

आणि बाटली फ्रिजमध्ये तासभर ठेवा. 'लाल वाइन खोलीच्या तापमानाला' हा सल्ला युरोपातल्या दगडी घरांचा आहे, सोळा-अठरा अंशांचा. पुण्यातल्या एप्रिलमधल्या बत्तीस अंशांत पंधरा टक्क्यांचं अल्कोहोल नाकात चढतं आणि बाकीचं काही कळत नाही. बाटली नवी असेल तर जेवणाआधी उघडून काचेच्या रुंद भांड्यात ओतून ठेवा. उरली तर बूच लावून पुन्हा फ्रिजमध्ये, आणि दोन दिवसांत संपवा. ग्रनाशला हवा सोसत नाही.