दहाव्या मात्रेवरची सम

स्पेनच्या दक्षिणेला, अंदालुसियात, फ्लामेंको गिटार शिकायला बसलात तर बरेच शिक्षक आधी गिटार खाली ठेवायला सांगतात. आधी टाळ्या. या टाळ्यांना तिथे पाल्मास म्हणतात आणि तालाच्या आवर्तनाला कोंपास. कोंपास अंगात मुरला नसेल तर बोटं कितीही पळाली तरी हेरेस किंवा त्रियानातला जाणकार ते फ्लामेंको मानत नाही.

सुरुवात बहुधा सोलेआ या प्रकारापासून होते, कारण त्याची लय संथ. आवर्तन बारा मात्रांचं. जोर तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या आणि बाराव्या मात्रेवर. म्हणजे आधी तीन-तीनचे दोन गट, मग दोन-दोनचे तीन, आणि जोर प्रत्येक गटाच्या शेवटी. मोठ्याने म्हणून बघा: एक दोन तीऽन, चार पाच सहाऽ, सात आऽठ, नऊ दहाऽ, अकरा बाराऽ. आपला एकतालही बारा मात्रांचाच, पण तिथे सगळं वळून पहिल्या मात्रेवर येतं. सोलेआत गिटारची ओळ दहाव्या मात्रेवर घरी पोचते. अकरा आणि बारा जणू श्वास घ्यायला ठेवलेल्या. समेची सवय असलेला आपला कान नेमका इथे चुकतो. हात आपोआप 'एक'वर जोर देतो. अशा वेळी चांगला शिक्षक तुम्हाला थांबवत नाही. तो स्वतःची दहावी टाळी जरा मोठी करतो आणि तुम्ही परत जागेवर येईपर्यंत तशीच वाजवत राहतो. पुस्तकातून हे मिळत नाही. माझ्या मते शिक्षक हवा तो मुख्यतः यासाठीच.

मग उजवा हात. रास्गेआदो नावाच्या तंत्रात बोटं तळहाताकडे मिटायची, अंगठा वरच्या जाड तारेवर टेकवायचा आणि करंगळी, अनामिका, मधलं बोट, तर्जनी अशी एकामागून एक बाहेर फेकायची; नखांची बाहेरची बाजू तारांवरून जाते. चार फटके, चारही सारख्या वजनाचे. अनामिका सगळ्यात आळशी, ती मधल्या बोटाच्या आधारानेच उठू बघते. म्हणून आधी मांडीवर, अगदी संथ लयीत, प्रत्येक बोट वेगळं ऐकू येईपर्यंत सराव करायचा. वेगाची घाई केली की चार फटक्यांचा एकच खरखराट होतो आणि ती खोड मोडायला फार वेळ लागतो.

वाद्यही या वाजवण्याला साजेसं असतं. पारंपरिक फ्लामेंको गिटारचे मागचे आणि बाजूचे भाग सायप्रसच्या हलक्या लाकडाचे, तारा पट्टीच्या अगदी जवळ. त्यामुळे आवाज टणक निघतो आणि लवकर विरतो. अनामिकेने गिटारच्या पोटावर ठोका मारतात, तो गोल्पे. लाकूड झिजू नये म्हणून तिथे पातळ प्लास्टिकचा पत्रा चिकटवलेला असतो.

यानंतर फाल्सेता, म्हणजे गाण्याच्या मधल्या जागांत वाजवायच्या छोट्या सुरावटी. ए मायनर, जी, एफ, ई अशी उतरण सतत येते. कोमल रिषभ, कोमल धैवत, कोमल निषाद आणि शेवटच्या ई कॉर्डमध्ये शुद्ध गंधार. बसंत मुखारी ऐकलेल्याला हा रंग ओळखीचा वाटेल. शिक्षक एक तुकडा वाजवतो, तुम्ही तो परत वाजवता. जुनी पद्धत ही अशी कानानेच शिकण्याची. अल्हेसिरासला 1947 मध्ये जन्मलेला गिटारवादक पाको दे लुसिया लहानपणी वडिलांकडे असाच शिकला. आयुष्यातली बरीच वर्षं त्याला नोटेशन वाचता येत नव्हतं.

काही महिन्यांनी शिक्षक तुम्हाला नृत्याच्या वर्गात बसवतो. गिटारवादकाचं मूळ काम साथीचं. एकट्याने वाजवणं नंतरचं. इथे लिहिलेलं नोटेशन नसतं, ठरलेली लांबीही नसते. तुम्ही तारांकडे न बघता नर्तकीच्या पायांकडे बघायचं. ती पावलांनी खूण देते, तिला यामादा म्हणतात. त्या खुणेवर तुमची फाल्सेता अर्धी असली तरी सोडायची, तिच्याबरोबर दहावर उतरायचं, अकरा-बारा मोकळ्या ठेवायच्या आणि ती पुढे काय करते त्याची वाट बघायची.