मधली जागा

शाळेच्या पगारपत्रकावर ते चित्रकला शिक्षक होते. खो-खो त्यांच्याकडे कुणी सोपवला नव्हता. शाळा सुटल्यावर मैदान ओस पडलेलं त्यांना बघवायचं नाही, म्हणून ते तिथे उभे राहू लागले आणि पुढं कायमचेच तिथले झाले. सत्तरच्या दशकात ए.टी.डी. करून सर वाईला आले ते निवृत्त होईपर्यंत हललेच नाहीत. गावात त्यांची ओळख दोन तऱ्हेची. काहींचे ते 'ड्रॉइंगचे सर', काहींचे 'खो-खोचे सर'. हे दोघं एकच, हे आमच्या काही पालकांना बक्षीस समारंभात कळायचं.

चित्रकलेचा तास म्हणजे गणिताचा पोर्शन मागं पडला की पहिला बळी. त्यावरून सर कधी भांडले नाहीत. एलिमेंटरी, इंटरमिजिएट जवळ आल्या की रविवारी सकाळी खोली उघडायचे, एवढंच. स्टुलावर घडी मोडलेलं कापड, त्यावर माठ, काचेची बाटली आणि दोन वांगी. वस्तुचित्राची ही मांडणी ते स्वतः करायचे, कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. मग विचारायचे, "माठ आणि बाटली यांच्या मधे काय दिसतंय?"

"काही नाही, सर."

"मग ते काही नाही आधी काढ."

वेडगळ वाटायचं. पण त्या फटीचा आकार बरोबर उतरला की माठाचं पोट आणि बाटलीची मान आपसूक जागेवर यायची. मेणवलीच्या घाटावर नेलं तेव्हाही हेच. नाना फडणविसांचा वाडा, पायऱ्या, कृष्णेचं पाणी सोडून आम्ही सगळे वसईहून आलेल्या त्या प्रचंड पोर्तुगीज घंटेवर तुटून पडलो, आणि सर मागून म्हणाले, घंटेभोवतीचा उजेड काढा.

मैदानावरही त्यांचा हाच हेका. खो-खोत आठ जण एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले असतात. पाठलाग करणाऱ्याला मधली पाटी ओलांडता येत नाही, आणि एकदा धरलेली दिशा खांबापर्यंत सोडता येत नाही. पळणाऱ्याला असलं बंधन नाही, तो कुठूनही आत-बाहेर करू शकतो. तरी आमची नजर मागच्यावरच खिळलेली. सर काठावरून ओरडायचे, "त्याच्याकडं काय बघतोस? फट बघ, फट!" साखळीचा खेळ इतक्या कमी शब्दांत शिकवणारा माणूस मी नंतर पाहिला नाही.

मुलींचा संघ ही त्यांची खरी कमाई, असं मला वाटतं. ऐंशीच्या दशकात अडचण खेळाची नव्हती, हाफपॅन्टची होती. सर काकूंना घेऊन घरोघरी गेले. बाप लोकांशी ते ओट्यावर बोलायचे; खरं काम स्वयंपाकघरात काकू करायच्या. पहिल्या वर्षी मुली सलवारीवरच खेळल्या आणि सूर मारताना पायात पाय अडकून पडल्या. ते बघून पुढच्या वर्षी काहीजणींच्या आयांनीच शिवणयंत्र बाहेर काढलं. त्या मुलींतल्या दोघी पुढं पोलिसात गेल्या, एक आज दुसऱ्या तालुक्यात पोरींना खेळवते.

सरांबद्दल सगळं गोडच लिहावं, तर ते खोटं होईल. नव्या चित्रकलेशी त्यांचं कधी जमलं नाही. कुणी आकाश जांभळं केलं की "परीक्षक गुण कापेल" म्हणून पुसायला लावायचे. त्यांच्या हाताखालून ए ग्रेड ढिगानं निघाल्या, चित्रकार फारसे निघाले नाहीत. संघ निवडताना आवडती-नावडतीही होती. जी पोरं वेळेवर येत त्यांना ते गुणी पोरांच्या पुढं बसवत, आणि त्यापायी काही सामने हातचे घालवले.

ते निवृत्त झाल्यावर जागा बराच काळ भरली गेली नाही. आता कला आणि क्रीडा मिळून बऱ्याच शाळांचा भार तासिकेवर येणाऱ्या निदेशकांवर असतो. शिक्षण हक्क कायद्यातसुद्धा सहावी ते आठवीला शंभरावर मुलं असतील तरच कला आणि शारीरिक शिक्षणासाठी माणूस, आणि तोही अर्धवेळ. अर्धवेळ माणसाला रविवार कुठून असणार? इंटरमिजिएटच्या ग्रेडला दहावीत वाढीव गुण मिळू लागल्यापासून परीक्षेला बसणारी मुलं मात्र आहेत, आणि त्यांच्यासाठी खासगी क्लासही.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताचे दोन्ही संघ जिंकले. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. सर तोवर गेले होते. अंतिम सामना संपला तसा सरांच्या त्या मुलींच्या संघातल्या एकीचा फोन आला. म्हणाली, "सरांनी मॅटला नावं ठेवली असती बघ. आणि आपल्या पोरी अजून मागं वळून बघतात, हे पण म्हणाले असते."