बी झोपले आहे की मेले आहे?

एप्रिल-मेमध्ये कुंडीत धणे पेरले, रोज पाणी घातले, तरी पंधरा दिवसांत कोंब दिसत नाही. मग दोष बियाणे विकणाऱ्याला दिला जातो. पण अनेकदा अडचण बियाण्यात नसून तापलेल्या मातीत असते.

ओलावा आणि हवा मिळाली की प्रत्येक बी उगवतेच असे नाही. काही बिया तापमानावरून ऋतू ओळखतात आणि तोवर झोपून राहतात. याला सुप्तावस्था म्हणतात. सफरचंदाचे बी शरद ऋतूत जमिनीवर पडते. ते लगेच उगवले, तर कोवळे रोप बर्फात मरेल. म्हणून ओलसर मातीत, ४-५ अंश सेल्सिअसच्या आसपास, साधारण दोन-तीन महिने काढल्यावरच ते नीट उगवते. कोरडे बी फ्रीजमध्ये ठेवून हा परिणाम साधत नाही. थंडीबरोबर ओलही लागते.

लेट्यूसचे उलट आहे. गारव्यात त्याचे बी दोन-चार दिवसांत उगवते, पण २८ ते ३० अंशांच्या पुढे अनेक वाणांची उगवण थांबते. ओल्या, तापलेल्या मातीत ते बरेच दिवस पडून राहिले, तर नंतर गारवा मिळूनही उठत नाही.

यामागे दोन संप्रेरकांची ओढाताण असते. ॲब्सिसिक आम्ल बियाला झोपवून ठेवते, तर जिबरेलिन जागे करते. सफरचंदात थंडीमुळे जिबरेलिनचे पारडे जड होते. लेट्यूसमध्ये उष्णता ॲब्सिसिक आम्लाची पातळी टिकवून धरते.

धणे १५ ते २५ अंशांच्या दरम्यान चांगले उगवतात. हवेत ४० अंश असताना उघड्या मातीचा वरचा थर ५० अंशांच्याही पुढे जाऊ शकतो. म्हणून उन्हाळ्यात धणे रगडून, रात्रभर भिजवून संध्याकाळी पेरावेत, वर पालापाचोळा पसरावा आणि कुंडी सावलीत ठेवावी.

सोयाबीनची गोष्ट मात्र वेगळी. त्याच्या बियांचे आवरण पातळ असते. साठवणीतील उष्णता आणि दमटपणा यामुळे ते बी झोपत नाही, मरते. मेलेले बी पेरले, तर दुबार पेरणीचा खर्च माथी येतो.

म्हणून पेरणीपूर्वी घरीच तपासणी करावी. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात ओळीने मांडावेत, गुंडाळी करून सावलीत ठेवावी आणि ओल टिकवावी. सात-आठ दिवसांनी निरोगी कोंब मोजावेत. ७० किंवा अधिक आले, तर शिफारशीप्रमाणे पेरावे. थोडे कमी असतील, तर त्या प्रमाणात बियाणे वाढवावे. फारच कमी असतील, तर ते बियाणे बदलावे. पिशवीवरचा आकडा भरतानाचा असतो; त्यानंतर बियाण्याने किती उन्हाळा सोसला, हे ही गुंडाळीच सांगते.