एकदाच हाती लागणारं मांजर

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात गेन्सव्हिल हे विद्यापीठाचं गाव आहे. तिथे १९९८पासून ‘ऑपरेशन कॅटनिप’ ही संस्था मोकाट मांजरांची नसबंदी करते. पशुवैद्य ज्युली लेव्ही यांनी हे काम आधी, १९९४मध्ये, नॉर्थ कॅरोलिनातल्या रॅली इथे सुरू केलं होतं. गेन्सव्हिलमध्ये महिन्यातून एखाद्या रविवारी मोठं शिबिर भरे, आणि एका दिवसात शंभराहून अधिक मांजरांवर शस्त्रक्रिया होत.

शिबिरातली शस्त्रक्रिया म्हटलं की आपल्या कपाळाला आठी पडते, आणि ती काही उगीच पडत नाही. इथे मात्र हिशेब उलटा आहे. मोकाट मांजर सापळ्यात बहुधा एकदाच सापडतं. टाके काढायला त्याला परत कोण आणणार? आणि जखम चिघळली तरी ते कुणाला जवळ येऊ देणार नाही. म्हणून सगळं त्याच दिवशी, एकाच भुलीत आणि पक्कं व्हावं लागतं. घरच्या मांजराच्या बाबतीत खपून जाणारी ढिलाई इथे चालत नाही.

खरी कसोटी भुलीची. चवताळलेल्या मांजराचं वजन कोण करणार, रक्त कोण तपासणार? त्याला सापळ्याबाहेर काढायचंच नाही, हा पहिला नियम. सापळा कापडाने झाकून ठेवला की ते बऱ्यापैकी शांत राहतं. मग त्याला आतल्या आत एका टोकाला सरकवून जाळीतूनच मांडीच्या स्नायूत सुई टोचायची. गेन्सव्हिलच्या शिबिरांत टिलेटामाइन, झोलाझेपाम, केटामाइन आणि झायलाझिन यांचं मिश्रण वापरत. मोठ्या मांजराला जेमतेम पाव मिलिलिटर पुरे. अंदाज थोडा चुकला तरी निभावून जाईल, असं ते औषध. शस्त्रक्रिया संपली की योहिम्बिन देऊन झायलाझिनचा अंमल उतरवायचा. या पद्धतीने भूल दिलेल्या साडेसात हजार मांजरांच्या नोंदी २००२मध्ये प्रसिद्ध झाल्या, त्यांत मृत्यूचं प्रमाण ०.३५ टक्के होतं. धड तपासताही न आलेल्या, रोगट, कधी गाभण अशा मांजरांच्या मानाने हा आकडा मला फार बोलका वाटतो.

केटामाइनच्या अंमलाखाली मांजराचे डोळे उघडेच राहतात, म्हणून बुबुळं सुकू नयेत यासाठी मलम घालतात. इवलासा जीव भराभर गार पडतो. त्यामुळे केस लागतील तेवढेच काढायचे आणि स्पिरिटने अंग भिजवायचं नाही. बोक्याचं काम मिनिटांत होतं, पोट उघडावंच लागत नाही. भाटीचं तसं नाही. लहानशा छेदातून अंडाशय शोधून रक्तवाहिन्या बांधायच्या. इथे हात बसलेले शल्यचिकित्सक वेगळा दोरा न वापरता त्या वाहिन्यांचीच गाठ मारतात. त्याने वेळ वाचतो, भूल कमी लागते. वरची कातडी आतून, विरघळणाऱ्या दोऱ्याने शिवायची, म्हणजे बाहेर टाका दिसत नाही आणि चाटून तो उसवतही नाही.

या साऱ्याला लिखित रूप २००८मध्ये आलं. ‘असोसिएशन ऑफ शेल्टर व्हेटेरिनेरियन्स’ने नसबंदी कार्यक्रमांसाठी मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली, २०१६मध्ये ती सुधारली. त्यात एका बाबतीत तडजोड नाही: प्रत्येक जनावराला निर्जंतुक उपकरणांचा स्वतंत्र संच. जंतुनाशक द्रावणात बुडवून काढलेली कात्री पुढच्या मांजराला चालत नाही. शंभर मांजरं म्हणजे शंभर संच, आणि ऑटोक्लेव्हपाशी राबणारी वेगळी माणसं. शिबिराचा वेग शल्यचिकित्सकाच्या हातावर ठरतो असं वाटतं, पण तो बव्हंशी या मागच्या खोलीत ठरतो.

भूल उतरण्याआधी रेबीजची लस देतात आणि डाव्या कानाचं टोक साधारण एक सेंटिमीटर सरळ रेषेत कापतात. मुंबई-पुण्यातल्या सोसायट्यांतही असा कान आता ओळखीचा झाला आहे. पाहून चुकचुकणारे पुष्कळ भेटतात, पण पर्याय टिकत नाहीत. खाच पाडावी, तर भांडणांत तशी खाच कुठल्याही बोक्याला पडते. मायक्रोचिप बसवावी, तर मांजर हातात आल्याशिवाय ती वाचता येत नाही. सरळ कापलेला कान लांबून दिसतो, आणि तेच जनावर पुन्हा सापळ्यात, पुन्हा भुलीखाली जाणं टळतं.

एवढं करून मांजरं कमी होतात का? फ्लोरिडातल्याच एका विद्यापीठाच्या आवारात ११ वर्षं पाहणी झाली. तिथल्या १५५ मांजरांच्या नोंदी लेव्ही आणि सहकाऱ्यांनी २००३मध्ये मांडल्या. १९९६मधली ६८ मांजरं २००२पर्यंत २३वर आली. १९९५नंतर आवारात पिलं दिसली नाहीत. पण हे श्रेय एकट्या चाकूचं नव्हे. जवळजवळ निम्म्या मांजरांना घरं मिळाली होती, आणि बाहेरून आलेलं नवं मांजर दिसलं की स्वयंसेवक त्याच्यासाठी लगेच सापळा लावत होते.