चाळणीचा कस

दिवाळीच्या जाहिरातींत साड्या-भांड्यांच्या जोडीला आता 'संपूर्ण शरीराची तपासणी, खास सवलतीत' हेही झळकू लागले आहे. कॅन्सरचे नाव निघाले की भल्याभल्यांच्या काळजाचे पाणी होते आणि हात आपोआप खिशाकडे जातो. पण सोने घेताना आपण कस लावून पाहतो; मग तपासणीलाच तो का लावू नये?

प्रथम एक भेद ध्यानी घ्यावा. स्तनात गाठ लागली, तोंडातला व्रण भरून येईना, अवेळी रक्तस्राव झाला, तर विचार करीत बसू नये. तडक डॉक्टरांकडे जावे. स्क्रीनिंग म्हणजे ज्याला काहीच होत नाही अशा माणसाची चाळणी. आणि चाळणी म्हटली की काही खडे निसटणार, काही चांगले दाणेही अडकणार.

'लवकर सापडला, म्हणून वाचला' हे वाक्यही पारखून घ्यावे. समजा, एखाद्याला सत्तराव्या वर्षी या रोगाने मृत्यू यायचा आहे. रोग सदुसष्टाव्या वर्षी कळला, तर निदानानंतर तो ३ वर्षे जगला असे आपण म्हणू. साठाव्या वर्षी कळला, तर १० वर्षे. आकडा वाढला, आयुष्य मात्र एका दिवसानेही वाढले नाही! म्हणून खरा प्रश्न एकच: या तपासणीने त्या रोगाचे मृत्यू कमी झाले काय?

दक्षिण कोरियात अल्ट्रासाउंडने निरोग्यांच्या गळ्यातील थायरॉइड ग्रंथी तपासण्याची लाट आली. २०११ मध्ये या कॅन्सरच्या निदानांचे प्रमाण १९९३ च्या पंधरापट झाले. मृत्यूंचे प्रमाण होते तेथेच राहिले. ज्या गाठींनी जन्मभर त्रास दिला नसता, त्यांच्यापायी हजारोंनी ग्रंथी गमावली आणि कायमच्या गोळ्या पत्करल्या.

आता आपल्या उस्मानाबादकडे, म्हणजे आजच्या धाराशिवकडे पाहा. तेथील खेड्यांत १९९९ मध्ये सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला. त्या ३० ते ५९ वर्षांच्या होत्या. ज्या गटाला एकदाच एच.पी.व्ही. तपासणी देण्यात आली, त्यात ८ वर्षांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू, तपासणी न झालेल्या गटाच्या जवळजवळ निम्मे झाले. कारण येथे कॅन्सर होण्यापूर्वीची विकृती सापडते आणि तिच्यावर सोपा उपचारही होतो.

तेव्हा डॉक्टरांना नि:संकोच विचारावे: माझ्या वयाला ही तपासणी हवी काय? हजारांत किती जणांचे प्राण वाचतात? किती जणांना उगाच धास्ती बसते? दोष दिसला तर पुढे काय?

आणि पन्नास चाचण्यांचे पाकीट विकत घेण्यापूर्वी, घरातील तिशी ओलांडलेल्या स्त्रियांची ही एक साधी तपासणी झाली आहे का, एवढे अवश्य पाहावे. पुष्कळ घरांत ती अजून झालेलीच नाही.