ऱ्होडियम विलेपन
विद्युत् प्रवाहाच्या साहाय्याने एखाद्या धातूच्या वस्तूवर ऱ्होडियमाचा अतिशय पातळ थर निक्षेपित करण्याच्या (साचविण्याच्या) क्रियेस ‘ऱ्होडियम विलेपन’ म्हणतात. तांबे, पितळ, पोलाद, जस्ताच्या मिश्रधातू इ. आधारधातूंवर प्रथम चांदीचा व त्यावर ऱ्होडियमाचा लेप देण्याची पद्धत दागिने, शोभेच्या वस्तू, परावर्तक व विद्युत् स्पर्शक यांसाठी वापरली जाते. चांदी काळवंडू नये, हा तिचा मुख्य हेतू असतो.

ऱ्होडियम ही प्लॅटिनम गटातील दुर्मिळ धातू असून तिचा शोध विल्यम हाइड वुलस्टन यांनी १८०४ मध्ये प्लॅटिनमाच्या धातुकात लावला. तिच्या काही लवणांच्या गुलाबी रंगावरून, गुलाब या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून, तिला हे नाव मिळाले. तिचा अणुक्रमांक ४५, घनता १२.४१ ग्रॅ./घ. सेंमी. व वितळबिंदू सु. १,९६४° से. आहे. ऱ्होडियम रंगाने रुपेरी पांढरी असून तिच्यावर नेहमीच्या तापमानास हवेचा अथवा हवेतील गंधकयुक्त वायूंचा परिणाम होत नाही. याउलट चांदी हवेतील हायड्रोजन सल्फाइडाच्या अल्प अंशानेही काळी पडते, कारण तिच्या पृष्ठावर सिल्व्हर सल्फाइड तयार होते. चांदीची परावर्तनक्षमता ऱ्होडियमापेक्षा जास्त असली, तरी ती टिकत नाही. ऱ्होडियमाची कमी असली, तरी टिकते. शिवाय विद्युत् निक्षेपित ऱ्होडियम चांदीच्या मानाने अनेक पटींनी कठीण असते, त्यामुळे पृष्ठावर सहसा ओरखडे पडत नाहीत.

आधारधातूची तयारी : ऱ्होडियम विलेपनाचा विद्राव तीव्र अम्लीय असतो. जस्त, लोखंड वा शिसे-कथिलाचा डाक उघडा राहिल्यास अम्लात विरघळतो व विद्राव दूषित होतो. अशा विद्रावातून मिळणारा लेप काळसर व ठिसूळ होतो. ऱ्होडियम महाग असल्याने दूषित विद्राव टाकून देणेही परवडत नाही. म्हणून आधारधातू पूर्णपणे झाकणारे थर आधी देणे आवश्यक असते.

तांबे व पितळ यांवरील तेलकटपणा क्षारीय विद्रावाने काढून, सौम्य अम्लात बुडवून व पाण्याने धुऊन पुढील क्रिया करता येते. पितळेतील जस्त वरच्या थरांत विसरण पावू नये म्हणून त्यावर तांब्याचा वा निकेलाचा थर देतात. जस्ताच्या ओतीव वस्तूंवर अम्लीय विद्राव थेट वापरता येत नाही. प्रथम तांब्याच्या सायनाइड विद्रावातून पातळ थर द्यावा लागतो. ॲल्युमिनियमावर ऑक्साइडाचे पटल तत्काळ बनते व त्यावर लेप चिकटत नाही. यासाठी वस्तू सोडियम झिंकेटाच्या विद्रावात बुडवून तिच्यावर जस्ताचा पातळ थर आणतात व मग तांबे चढवितात. अगंज पोलादावरील ऑक्साइडाचे पटल निकेल क्लोराइड व हायड्रोक्लोरिक अम्ल यांच्या विद्रावात प्रवाह देऊन काढतात; त्याच वेळी निकेलाचा घट्ट प्राथमिक थरही बसतो.

चांदीचा थर : चांदीच्या विलेपनासाठी सायनाइड विद्रावाची पद्धत इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथील एल्किंग्टन चुलत बंधूंनी १८४० मध्ये पेटंट करून प्रचारात आणली. या विद्रावात पोटॅशियम सिल्व्हर सायनाइड व जादा पोटॅशियम सायनाइड असून धनाग्र शुद्ध चांदीचे असते. तांबे वा पितळ चांदीपेक्षा अधिक क्रियाशील असल्याने वस्तू बुडविताच प्रवाहाविना चांदी तिच्यावर बसू लागते. परंतु हा थर सैल असतो व त्यावरील लेप पुढे सोलून निघतो. म्हणून प्रथम चांदी अल्प व मुक्त सायनाइड भरपूर असलेल्या वेगळ्या विद्रावात, प्रवाह चालू ठेवूनच, वस्तू बुडवितात व मग मुख्य कुंडात नेतात. दर चौ. डेसिमीटरला १ अँपिअर प्रवाह असल्यास १० मायक्रॉन जाडीच्या थरासाठी सु. १६ मिनिटे लागतात व सु. १ ग्रॅ. चांदी बसते.

चांदीच्या कुंडातून ऱ्होडियमाच्या कुंडाकडे जाताना वस्तू अनेकदा धुणे अत्यावश्यक आहे. वस्तूच्या पोकळीत वा टांगणीच्या तारेवर राहिलेले सायनाइड अम्लात गेल्यास हायड्रोजन सायनाइड हा प्राणघातक वायू निर्माण होतो. तसेच त्याने ऱ्होडियमाचा विद्रावही बिघडतो. दोन्ही कुंडे दूर ठेवणे, त्यांचे धुण्याचे पाणी वेगळे ठेवणे व वायुवीजनाची सोय करणे हे नियम लहान कार्यशाळेतही पाळलेच पाहिजेत. सायनाइडयुक्त सांडपाणी क्षारीय स्थितीत क्लोरीन वा हायपोक्लोराइडाने निर्विष करूनच सोडावे लागते.

ऱ्होडियमाचा थर : शोभेच्या लेपासाठी दर लिटरला सु. २ ग्रॅ. ऱ्होडियम (सल्फेट वा फॉस्फेट रूपात) व मुक्त अम्ल असलेला विद्राव ४०°—५०° से. तापमानास वापरतात. धनाग्र अविद्राव्य, म्हणजे प्लॅटिनमाचे अथवा प्लॅटिनम चढविलेल्या टिटॅनियमाचे असते. त्यामुळे विद्रावातील ऱ्होडियम कमी होत जाते व ते वेळोवेळी लवणरूपात पुरवावे लागते. दर चौ. डेसिमीटरला २ अँपिअर प्रवाह असता ०.२ मायक्रॉन जाडीसाठी तत्त्वतः ३५ सेकंद पुरतात व सु. ०.०२५ ग्रॅ. ऱ्होडियम लागते. काही प्रवाह हायड्रोजन वायू निर्माण करण्यात खर्च होत असल्याने प्रत्यक्षात अधिक वेळ द्यावा लागतो. लेप जाड केल्यास त्यातील अंतर्गत ताणामुळे तडे पडतात. म्हणून केवळ जाडी वाढविणे हा टिकाऊपणाचा मार्ग ठरत नाही.

दोष व मर्यादा : पातळ लेपात सूक्ष्म रंध्रे असतात. त्यांतून गंधकयुक्त वायू चांदीपर्यंत पोहोचल्यास काळे ठिपके उमटतात. हे टाळण्यासाठी दागिन्यांत चांदी व ऱ्होडियम यांच्यामध्ये निकेलाचा थर देण्याची पद्धत आहे. तथापि निकेलामुळे काही व्यक्तींच्या त्वचेला अधिहर्षता (ॲलर्जी) होते. त्यामुळे कातडीला भिडणाऱ्या वस्तूंत निकेलाऐवजी पॅलॅडियम अथवा तांबे-कथिलाची पांढरी मिश्रधातू वापरणे श्रेयस्कर असते. उच्च कंप्रता रेडिओ सामग्रीत निकेल वेगळ्या कारणासाठी टाळतात. तेथे प्रवाह पृष्ठालगतच्या काही मायक्रॉनांतूनच वाहतो (१ गिगॅहर्ट्‌झला चांदीत सु. २ मायक्रॉन) व चुंबकीय निकेलामुळे ऊर्जेचा व्यय वाढतो. म्हणून तेथे चांदीवर थेट ऱ्होडियमाचा पातळ थर देतात. ऱ्होडियमाचा विद्युत् रोध चांदीच्या सु. पावणेतीन पट असला, तरी थर अत्यंत पातळ असल्याने तोटा थोडाच होतो.

ऱ्होडियम अम्लराजातही सहजी विरघळत नाही. त्यामुळे बिघडलेला लेप काढणे कठीण असते. लेप दिलेला दागिना डाक देण्यासाठी तापविल्यास पृष्ठ निळसर काळे पडते. म्हणून दुरुस्ती आधी व विलेपन शेवटी, असा क्रम ठेवतात.

जगातील बहुतेक ऱ्होडियम दक्षिण आफ्रिकेतून मिळते आणि त्याचा मोठा भाग मोटारगाड्यांतील धूर शुद्ध करणाऱ्या उत्प्रेरकांसाठी खर्च होतो. या मागणीमुळे २००८ व २०२१ मध्ये त्याचे भाव फार चढले होते. अशा वेळी लेप अधिकाधिक पातळ करण्याचा मोह होतो. पृष्ठाची झळाळी पाहून मात्र लेप ०.०५ मायक्रॉनाचा आहे की ०.५ मायक्रॉनाचा, हे ग्राहकास ओळखता येत नाही. अंगठीची कड काही महिन्यांत झिजून खालची धातू दिसू लागते तेव्हाच तो फरक कळतो. यासाठी आधारधातू, मधले थर व ऱ्होडियमाची जाडी यांची स्पष्ट नोंद विक्रीच्या वेळी देणे इष्ट ठरते. जाडी क्ष-किरण अनुस्फुरण पद्धतीने वस्तूला इजा न करता मोजता येते.