सामाईक साठ्यातून पत्त्यांची निवड : एक गणिती विचार

सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात दहा रंग व प्रत्येक रंगाची बारा, अशी एकूण १२० पाने असतात. ती सर्व वाटली जात असल्यामुळे अमुक पान खेळात आहे की नाही, हा प्रश्न तेथे उद्भवत नाही. रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने रचलेला ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा खेळ १९९३ साली प्रसिद्ध झाला आणि निराळीच पद्धती रूढ झाली. तीत प्रत्येकाने स्वतःचा संग्रह जमवावयाचा असतो. पुढे असे खेळ संगणकावर आले. तथापि ज्याचा खर्च अधिक त्याचा संग्रह मोठा, ही विषमता बव्हंशी टिकून राहिली.

सामाईक साठ्यातून आळीपाळीने निवड करणे हा या विषमतेवरील एक उपाय होय. समजा, नांदुऱ्यातील आठ विद्यार्थी असा खेळ मांडतात. प्रत्येकास पंधरा पानांची तीन पाकिटे मिळतात. पाकिटातील एक पान ठेवून उरलेली शेजाऱ्याकडे द्यावयाची. नवव्या खेपेस आपले पहिले पाकीट सात पानांनिशी परत येते. मधल्या काळात कोणती पाने गेली, यावरून इतरांचा कल ओळखता येतो.

येथे एकूण ३६० पाने लागतात. साठा नेमका तेवढाच असेल तर प्रत्येक पान खेळात येणारच. परंतु दुसऱ्या-तिसऱ्या डावानंतर नावीन्य ओसरते. साठा ५४० पानांचा केल्यास कोणतेही एक पान येण्याची संभाव्यता दोन-तृतीयांश उरते. दोन विशिष्ट पानांच्या जोडीवर एखादा बेत अवलंबून असेल, तर ती दोन्ही येण्याची संभाव्यता शेकडा ४४ इतकीच असते. म्हणजे असा बेत धरणारा निम्म्याहून अधिक वेळा निष्कारण फसतो.

यावर तोड अशी की, एकच कार्य करणारी तीन पाने साठ्यात घालावीत. त्यांपैकी निदान एक येण्याची संभाव्यता शेकडा ९६ होते. सारांश, सर्वांस एकाच साठ्यातून निवडू दिले म्हणजे समान संधी आपोआप लाभते असे नव्हे. साठा रचणाराने ती आधीच मोजून ठेवावी लागते.